बंद पेटींतील दुखापत



दापोलीहून दहा-बारा किलोमीटरांवर, समुद्रकांठीं, बुरोंडी नांवाचें गांव आहे. मासेमारी, माडा-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या बागा हा तेथील चरितार्थ. आणि कोंकणांतील इतर गांवांप्रमाणेंच येथील पुष्कळ घरांचा एखादा तरी माणूस मुंबईस. मेंदूवरील शस्त्रक्रियेसंबंधीं बोलावयाचें असतां मीं या गांवाचें नांव प्रथम घेतलें, याचें आपणांस कदाचित् नवल वाटेल. या विषयावरील भाषणें बहुधा मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयापासून सुरू होतात. परंतु मेंदूची दुखापत रुग्णालयांत होत नाहीं. ती माडाच्या बुंध्याशीं होते, होडीच्या निसरड्या फळीवर होते, घाटांतील वळणावर होते, नाहींतर न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर होते. आणि तिचे पहिले दोन-तीन तास, जे बहुतेक सर्व कांहीं ठरवितात, ते घरच्या माणसांच्याच हातीं असतात.

समजा, अशा एखाद्या गांवीं पस्तीस-चाळीस वर्षांचा गडी नारळ पाडतां पाडतां माडावरून खालीं आला. कानाच्या जरा वर मार बसला. क्षणभर त्याचें भान हरपलें. मग तो उठून बसला, त्यानें आपलें नांव सांगितलें, आणि "कांहीं झालें नाहीं" म्हणाला. जखम म्हणावी तर बोटाच्या पेराएवढी. घरच्या मंडळींनीं जखमेंत हळद दाबली, देवाचे आभार मानले आणि त्याला निजूं दिलें. दोन-तीन तासांनीं त्याचें डोकें असह्य दुखूं लागलें, उलटी झाली, बोलण्यांत मेळ राहिला नाहीं. आणि नंतर तर हांकेला ओ मिळेना. "चांगला बोलत होता, मग एकाएकीं असें कसें झालें?" हा प्रश्न अशा वेळीं प्रत्येक घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर समजलें म्हणजे आजच्या विषयाचें अर्धें मर्म समजलें.

माणसाचा मेंदू सुमारें तेराशें-चौदाशें ग्रॅम वजनाचा, अतिशय मऊ असा अवयव आहे. त्याच्या भोंवतीं थोडें पाणी असतें, रक्तवाहिन्या असतात, आणि या सर्वांवर कवटीची टणक पेटी असते. पोटास किंवा पायास सूज आली तर ती बाहेर पसरूं शकते. मेंदूस तशी मोकळीक नाहीं. एडिंबरोचा शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर मन्रो यानें १७८३ सालींच हें लक्षांत आणून दिलें होतें कीं, कवटी ही बंद पेटी आहे. तींत एका वस्तूची भर पडली तर दुसऱ्या कोणत्या तरी वस्तूला तेवढी जागा सोडावीच लागते. प्रथम पाणी सरकतें, मग शिरांतील रक्त सरकतें. तोंवर मनुष्य वरून ठीक दिसतो. सरकण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे मात्र आंतील दाब झपाट्यानें चढतो, आणि मेंदू स्वतःच खालच्या छिद्राकडे ढकलला जाऊं लागतो. श्वास आणि हृदय यांचें नियमन करणारीं केंद्रें तेथेंच आहेत.

माडावरून पडलेल्या गड्याचें हेंच झालें. कानाच्या वर कवटीचें हाड पातळ असतें, आणि त्याच्या आंतल्या अंगास एक रोहिणी खांचेंतून गेलेली असते. हाडास तडा गेला कीं ती फाटते, आणि हाड व मेंदूचें दृढ आवरण यांच्यामध्यें रक्त सांचूं लागतें. तें सांचेपर्यंतचा जो काळ तोच त्याच्या शुद्धीचा काळ. तो बरा झालेला नव्हता. पेटींतील मोकळी जागा अजून संपली नव्हती, इतकेंच. अशा रोग्याच्या कवटीस वेळेवर भोंक पाडून तें रक्त काढून टाकलें तर तो पुन्हा आपल्या कामावर जाऊं शकतो, कारण त्याच्या मेंदूला मूळ इजा पुष्कळदां थोडीच झालेली असते. वेळ टळली तर तोच मनुष्य दगावतो, किंवा जगूनहि जन्माचा परावलंबी होतो. मेंदूच्या शस्त्रक्रियेंत इतकें मोठें यश आणि इतकें मोठें अपयश एकमेकांच्या इतकें जवळ क्वचितच आढळतें.

कवटीस भोंक पाडण्याची विद्या नवी नाहीं. काश्मीरांतील बुर्झहोम येथें नवाश्मयुगांतील एक कवटी सांपडली आहे. तिच्यावर भोंकें पाडल्याच्या खुणा आहेत. बौद्धांच्या विनयपिटकांत जीवक वैद्याची कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीस सात वर्षें मस्तकशूळ होता. जीवकानें त्याचें मस्तक उघडून आंतून दोन जिवंत कृमि काढले, असें तेथें सांगितलें आहे. कथेंतील तपशील कितपत खरा मानावा हा प्रश्न वेगळा. परंतु मेंदूंतील कृमि ही निव्वळ कविकल्पना नव्हे, हें आपण पुढें पाहूं.

तेव्हां हात पूर्वींहि होते, शस्त्रेंहि होतीं. नव्हती ती दृष्टि. भोंक पाडावयाचें तें उजवीकडे कीं डावीकडे? पुढें कीं मागें? जुने शस्त्रवैद्य यासाठीं शरीराच्या खुणांवर विसंबत. ज्या बाजूस रक्त सांचलें त्या बाजूच्या डोळ्याची बाहुली बहुधा मोठी होते आणि प्रकाश पाडला तरी आकसत नाहीं. उलट बाजूचे हातपाय लुळे पडतात. अमेरिकेचे हार्वे कुशिंग यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें कीं, कवटींतील दाब वाढला म्हणजे रक्ताचा दाब चढतो आणि नाडी मात्र मंद होते. या खुणा आजहि खऱ्या आहेत. परंतु त्या उमटेपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, तेव्हां हा अंधार फिटेल असें वाटलें. पण क्ष-किरणांच्या साध्या चित्रांत हाड दिसतें, मेंदू दिसत नाहीं. हाडाची चीर दिसावी, आणि तिच्या आंत रक्त आहे कीं नाहीं तें कळूं नये, अशी ती स्थिति होती. १९१८ सालीं बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांनीं मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची युक्ति काढली. पोकळी एका बाजूस ढकललेली दिसली कीं दुसऱ्या बाजूस गांठ आहे असें अनुमान करावयाचें. १९२७ सालीं लिस्बनचे एगास मोनीझ यांनीं मेंदूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांचा नकाशा मिळविला. दोन्ही युक्त्या बुद्धीच्या होत्या. परंतु दोन्हींत रोग्यास यातना होत, धोकाहि होता, आणि शेवटीं मिळे तें अनुमानच. शेजारच्या घरांतील माणसाची सांवली पाहून त्याचा चेहरा ओळखावा, तसा तो प्रकार होता.

खरी दृष्टि आली ती १ ऑक्टोबर १९७१ रोजीं, लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे वैद्य नव्हते, ते ई. एम. आय. कंपनींत काम करणारे एक अभियंते होते. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्या काढणारी ती हीच कंपनी. डोक्याच्या सभोंवार क्ष-किरणांची नळी फिरवावी, प्रत्येक कोनांतून किती किरण पार झाले तें मोजावें, आणि त्या असंख्य मापांवरून गणकयंत्रानें आंतील चित्र उभें करावें, अशी त्यांची कल्पना. पहिल्या रोगी बाईच्या मेंदूच्या पुढील भागांत गांठ असावी असा संशय होता. चित्रांत तेथें एक गोल पुटी, म्हणजे पाण्याची गांठ, स्पष्ट दिसली. आणि शस्त्रक्रियेंत ती तशीच आढळली. मेंदूची इजा न करतां मेंदूच्या आंत पाहण्याचा तो आरंभ. या शोधाचें गणित आधीं स्वतंत्रपणें मांडणारे ॲलन कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड यांना १९७९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आपण ज्याला सी. टी. स्कॅन म्हणतों तो हाच. त्याचें वाचन समजावयास कठीण नाहीं. हाड पांढरें शुभ्र, ताजें रक्तहि पांढरें, पाणी काळें, मेंदू करडा. म्हणून डोक्याला मार लागलेल्या माणसाचें रक्त कोठें आणि किती सांचलें आहे, मेंदूची मध्यरेषा किती सरकली आहे, हें कांहीं मिनिटांत समोर येतें. पुढें पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांच्या संशोधनांतून एम. आर. आय. यंत्र आलें, त्याबद्दल त्यांना २००३ सालीं नोबेल मिळालें. त्यांत क्ष-किरण मुळींच नसतात. प्रबळ चुंबकाच्या साहाय्यानें शरीरांतील पाण्याच्या अणुगर्भांकडून संदेश घेतला जातो. मऊ भागांचे बारकावे, लहान गांठी, त्यांचें वेष्टन, यांसाठीं हें यंत्र अधिक चांगलें. पण अपघातानंतरच्या घाईंत सी. टी. स्कॅनच प्रथम करतात, कारण तो झटपट होतो आणि ताजें रक्त लपूं देत नाहीं.

आपल्या देशांत ही शाखा स्वातंत्र्यानंतर लगोलग रुजली. माँट्रिअल येथें वाइल्डर पेनफील्ड यांच्याजवळ शिकून आलेले जेकब चांडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोर येथें मेंदू-शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. पाठोपाठ मद्रासेस बी. राममूर्ति आले. १९५१ सालीं न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. मुंबईंत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर, डॉ. गजेंद्र सिंह या मंडळींनीं या शास्त्राचा पाया घातला. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासूनचें. गिरणगांवांत चाकरी करणाऱ्या कोंकणी माणसाला तें परकें नव्हतें, तेथें डॉ. दस्तूर आणि त्यांच्यामागून डॉ. सुनील पंड्या यांच्यासारख्या शस्त्रवैद्यांनीं मेंदूच्या शस्त्रक्रियेची परंपरा चालविली.

दृष्टि आली, पण घड्याळ मात्र पूर्वीच्याच गतीनें चालतें आहे. १९८१ सालीं अमेरिकेंतील रिचमंड येथील वैद्यांनीं एक हिशेब प्रसिद्ध केला. मेंदूवर ताजें रक्त सांचून बेशुद्ध झालेल्या ८२ रोग्यांपैकीं ज्यांची शस्त्रक्रिया दुखापतीनंतर चार तासांच्या आंत झाली त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ३० होतें. उशीर झालेल्यांत तें शेंकडा ९० होतें. इतका मोठा फरक पुढील सर्वच पाहण्यांत आढळला नाहीं हें खरें, तथापि विलंब घातक आहे याविषयीं शस्त्रवैद्यांत दुमत नाहीं. आणि बुरोंडीहून मुंबई दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

मग घरच्या माणसानें करावें तरी काय? प्रथम, पाहावें, आणि काय पाहावें हेंहि शास्त्रानें सोपें करून ठेवलें आहे. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनीं १९७४ सालीं बेशुद्धि मोजण्याचें एक माप दिलें. तीन गोष्टी पाहावयाच्या : डोळे आपोआप उघडतात, हांक मारल्यावर उघडतात, कीं चिमटा घेतल्यावर, बोलणें सुसंगत आहे, गोंधळलेलें आहे, कीं नुसता आवाज निघतो, आणि सांगितल्यावर हात-पाय हलवितो कीं नाहीं. डोळ्यांस ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ असे जास्तींत जास्त १५ गुण. कमींत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर स्थिति. गुणांची बेरीज वैद्य करील. पण हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. एकदां पाहिलेल्या स्थितीपेक्षां बदलत जाणारी स्थिति अधिक सांगते. तासापूर्वीं नीट बोलणारा मनुष्य आतां अडखळत असेल, तर स्कॅनची वाट न पाहतां समजावें कीं पेटींतील जागा संपत आली आहे.

उपचारांतहि या शतकांत मोठा फरक पडला आहे, आणि तो केवळ नवीं औषधें मिळाल्यामुळें नव्हे, तर जुन्या समजुती तपासून पाहिल्यामुळें. डोक्यास मार लागला कीं सूज उतरविण्यासाठीं स्टेरॉइड द्यावें, असा प्रघात कित्येक दशकें होता. २००४ सालीं दहा हजारांहून अधिक रोग्यांवरील एका आंतरराष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष आला : औषध न दिलेल्या शंभरांत दोन आठवड्यांच्या आंत सुमारें १८ दगावले, तर दिलेल्या शंभरांत २१. सद्हेतूनें दिलेलें औषध माणसें मारीत होतें, आणि मोजल्याविना तें कोणासहि कळलें नसतें. त्याच परंपरेंतील दुसरी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हें रक्ताची गुठळी विरघळूं न देणारें स्वस्त औषध जपानच्या उताको ओकामोतो या विदुषीनें आपल्या पतीसह शोधून काढलेलें. बारा हजारांहून अधिक रोग्यांवरील त्या पाहणींत असें दिसलें कीं, सौम्य आणि मध्यम प्रतीच्या दुखापतींत हें औषध तीन तासांच्या आंत दिलें तर मृत्यु कमी होतात. अतिगंभीर दुखापतींत तसा लाभ स्पष्ट दिसला नाहीं. येथेंहि प्रश्न घड्याळाचाच आहे.

एक शस्त्रक्रिया अशी आहे कीं तिच्याविषयीं घरच्या मंडळींनीं आधींच विचार करून ठेवलेला बरा. मेंदूची सूज कोणत्याहि औषधानें उतरेना तर कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवून मेंदूला फुगावयास जागा करून देतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, औषधांवरच ठेवलेल्या शंभर रोग्यांपैकीं सहा महिन्यांत सुमारें ४९ दगावले. कवटी उघडलेल्यांपैकीं सुमारें २७. जीव वांचतो यांत शंका नाहीं. पण वांचलेल्यांपैकीं कांहींजण तेव्हांहि शुद्धीवर आलेले नव्हते. असे रोगी कवटी उघडलेल्यांत शंभरीं आठ-नऊ होते, न उघडलेल्यांत दोन. म्हणजे शस्त्रवैद्य दारांत येऊन संमति मागतो तेव्हां प्रश्न "वांचेल का?" एवढाच नसतो, "वांचला तर कसा वांचेल?" हाहि असतो. तो दुसरा प्रश्न विचारण्यांत कसलीहि निष्ठुरता नाहीं. चांगला वैद्य त्याचें उत्तर प्रामाणिकपणें देतो.

घरांतील वडीलधाऱ्या माणसांची गोष्ट निराळी आहे. उतारवयांत मेंदू थोडा आकसतो, पेटींत जागा होते, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरील शिरा ताणलेल्या राहतात. मोरीत पाय घसरल्याची किंवा दाराची चौकट लागल्याची किरकोळ गोष्ट. सर्वजण ती विसरूनहि जातात. तीन-चार आठवड्यांनीं आजोबा अडखळत चालूं लागतात, दिवसां झोंपाळलेले असतात, नातवंडांचीं नांवें चुकवितात. "वय झालें" असें म्हणून घर तें स्वीकारतें. पुष्कळदां तें वय नसतें. मेंदूवर हळू हळू सांचलेलें पातळ, काळपट रक्त असतें. कवटीस एक-दोन लहान भोंकें पाडून तें वाहून जाऊं देतात. गरज पडली तर पूर्ण भूल न देतां तेवढाच भाग बधिर करूनहि हें करतां येतें. तें रक्त पुन्हा सांचूं नये म्हणून आवरणाची रोहिणी आंतून बंद करण्याच्या उपायासहि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांनीं आधार दिला आहे. ज्या वृद्धांना रक्त पातळ राखण्याच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्याविषयीं विशेष सावध असावें, आणि त्या गोळ्यांची पाकिटें रुग्णालयांत बरोबर न्यावींत.

आतां मेंदूंतील पाण्याच्या गांठींकडे वळूं. त्यांना वैद्य सिस्ट म्हणतात. जी यंत्रें दुखापत दाखवितात तींच या गांठीहि दाखवितात, आणि येथें दृष्टीचा दुसरा गुण प्रत्ययास येतो : ती कधीं कधीं गरजेपेक्षां अधिक दाखविते. डोकें दुखतें म्हणून किंवा पडल्यामुळें स्कॅन केला, आणि कागदावर "सिस्ट" हा शब्द आला कीं घरावर वीज कोसळते. मेंदूच्या नाजूक आवरणांत जन्मापासून असलेली पाण्याची पिशवी ही अशांपैकीं पुष्कळदां आढळणारी गोष्ट. बहुसंख्य माणसांना ती आयुष्यभर कांहींच त्रास देत नाहीं, आणि तिला हात न लावणें हाच तिचा उपचार. ती वाढत असेल, पाण्याची वाट अडवीत असेल किंवा फेफऱ्याचें कारण ठरत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार. उलट, मेंदूच्या मधल्या पोकळींत पाण्याच्या वाटेवरच बसलेली चिकट द्रवाची एक लहानशी गांठ असते. ती दिसावयास मण्याएवढी, परंतु वाट एकाएकीं बंद झाली तर प्राण घेऊं शकते. आज अशा गांठी बारीक दुर्बिणीच्या नळींतून, लहानशा भोंकांतून काढतां येतात. सारांश, गांठीच्या आकारावरून भय मोजूं नये. ती कोठें आहे आणि काय करीत आहे यावरून मोजावें.

जीवकाच्या कथेंतील कृमींचें आतां पाहूं. डुकराच्या मांसांतून माणसाच्या आंतड्यांत येणारा एक फीतकृमि आहे. ज्याच्या आंतड्यांत तो असतो त्याच्या विष्ठेंतून कृमीचीं अंडीं बाहेर पडतात, आणि मळक्या हातांनीं, न धुतलेल्या भाजीनें, दूषित पाण्यानें दुसऱ्याच्या पोटांत जातात. तेथें त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूंत पोंचतात, आणि तेथें वाटाण्याएवढ्या पुट्या तयार होतात. म्हणून "आम्ही शाकाहारी, आमच्या घरांत हा रोग कसा?" हा प्रश्नच चुकीच्या पायावर उभा आहे, मांस न खाणाऱ्यासहि हा रोग होतो, कारण तो अंड्यांच्या मार्गानें येतो. आपल्या देशांत धडधाकट मुलास किंवा तरुणास एकाएकीं आंकडी येण्याचें हें एक मोठें कारण आहे.

सी. टी. स्कॅन आल्यावर अशा तरुणांच्या मेंदूंत एकच लहानशी कडी दिसूं लागली. तिला क्षयाची गांठ समजून महिनोन् महिने क्षयाचीं औषधें दिलीं जात. १९८० नंतरच्या दशकांत वेल्लोरच्या शस्त्रवैद्यांनीं अशा कांहीं गांठी काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, तेव्हां त्यांतील पुष्कळ गांठी या कृमीच्याच ठरल्या. त्यामुळें कितीतरी शस्त्रक्रिया आणि कितीतरी अनावश्यक औषधें टळलीं. आज बहुतेक रोग्यांना आंकडी थांबविणारें औषध, आल्बेंडाझोल हें कृमिनाशक, आणि कृमि मरतांना येणारी सूज आवरण्यासाठीं स्टेरॉइड, एवढें पुरतें. पाहा, दुखापतींत घातक ठरलेलें स्टेरॉइड येथें उपकारक ठरतें; औषध चांगलें कीं वाईट हें रोगावांचून सांगतां येत नाहीं. मात्र हीं औषधें स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी झाल्यावर वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावींत. डोळ्यांत कृमि असेल तर तो मरतांना दृष्टीस अपाय होऊं शकतो.

दुसरी एक कृमिजन्य गांठ कुत्र्यांकडून येते. ती बहुधा यकृतांत किंवा फुप्फुसांत होते, क्वचित् मेंदूंत. ती फुटली तर आंतील द्रवानें जिवास अपाय होतो आणि नव्या गांठी उत्पन्न होतात. म्हणून अर्जेंटिनाच्या डाउलिंग या शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींत ती चिमट्यानें ओढीत नाहींत. गांठ आणि मेंदू यांच्यामध्यें हळू हळू पाणी सोडतात, डोकें खालीं कलतें ठेवतात, आणि गांठ अखंड तरंगत बाहेर येते. एवढ्या यंत्रयुगांत येथें शेवटीं कामास येते ती पाण्याची धार आणि हाताचा धीर.

आतां पुन्हा माडाखालीं पडलेल्या त्या गड्याकडे येऊं. त्याला बसवूं नये, मान वांकवूं नये, खांद्यावर टाकून धांवत सुटूं नये. मानेचें हाडहि मोडलेलें असूं शकतें. पाणी, चहा, कांहींच देऊं नये : बेशुद्धावस्थेंत तें श्वासनलिकेंत जातें, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं पोट रिकामें असलेलें बरें. आंकडी आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवूं नये, दांतांत चमचा घालूं नये. उलटी होत असेल तर डोकें, मान आणि धड एका रेषेंत ठेवून तिघांनीं मिळून कुशीवर वळवावें. कानांतून-नाकांतून रक्त किंवा स्वच्छ पाणी येत असेल तर बोळा कोंबूं नये. जखमेवर स्वच्छ फडकें दाबून धरावें, आणि १०८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा; महाराष्ट्रांत ही रुग्णवाहिकासेवा जानेवारी २०१४ पासून चालू आहे. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांत श्वास आणि रक्तदाब सांवरून घ्यावा, आणि जेथें स्कॅन व मेंदूचा शस्त्रवैद्य दोन्ही आहेत अशाच ठिकाणीं पुढें न्यावें. वाटेंत तीन दारें ठोठावण्यांत ते अमोल तास जातात.

रस्त्यावर पडलेला परका मनुष्य उचलण्यास लोक अजून कचरतात. पोलीस आणि साक्षीचें लचांड मागें लागेल ही भीति. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलें, आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तींत तें कलमच झालें. मदत करणाऱ्यास आपलें नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. आणि दुचाकीवरील शिरस्त्राणाविषयीं एवढेंच सांगतों कीं, या भाषणांत उल्लेखिलेल्या कोणत्याहि यंत्राहून तें स्वस्त आहे, आणि तें लावावयाचें काम अपघातापूर्वीं करावयाचें असतें.

शेवटीं एक लहानसें काम. रोगी गाडींत चढवितांना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्या : किती वाजतां पडला, केव्हांपर्यंत नीट बोलत होता, उलटी किंवा आंकडी केव्हां आली, कोणतीं औषधें चालू आहेत. ती चिठ्ठी बरोबर जाणाऱ्याच्या खिशांत घालावी. स्कॅनचें यंत्र रक्त कोठें आहे तें सांगेल; तें किती वेगानें सांचलें, हें त्या चिठ्ठीवरूनच शस्त्रवैद्यास कळेल.